घरच्या घरी मेटल डिटेक्टर पिनपॉइंटर: फेराइट रॉडपासून ट्यूनिंगपर्यंत

मोठा मेटल डिटेक्टर 'या ताटाएवढ्या जागेत काहीतरी आहे' एवढंच सांगतो. नेमकं कुठे, हे सांगायला पिनपॉइंटर लागतो. ही टॉर्चएवढी कांडी असते आणि तिचं टोक धातूजवळ गेलं की बीप वाजतो. मोठा डिटेक्टर नसला तरी ती एकटीही कामाची आहे. सोसायटीच्या लॉनवर पडलेलं कानातलं, कुंडीच्या मातीत गेलेली अंगठी, रंधा मारण्याआधी जुन्या सागवानी चौकटीतले तुटके खिळे, अशी कामं ती चोख करते.

ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्या, सोल्डरिंग थोडंफार येत असलेल्या पण ऑसिलेटर (ठरावीक फ्रीक्वेन्सीवर सतत डोलणारं सर्किट) कधी न बांधलेल्या माणसासाठी हा लेख आहे. ऑसिलोस्कोप लागत नाही. फ्रीक्वेन्सी मोजणारा साधा मल्टिमीटर आणि एक लॅपटॉप पुरतो.

आधी एवढं समजून घ्या

फेराइट रॉडवर (लोह-ऑक्साइडच्या चुंबकीय सिरॅमिकची दांडी) गुंडाळलेली कॉइल आणि दोन कपॅसिटर मिळून साधारण १०० किलोहर्ट्झवर डोलतात. तांबं, पितळ, सोनं, अॅल्युमिनियम जवळ आलं की त्यात भोवरा प्रवाह (धातूतच गोल फिरणारे विद्युतप्रवाह) तयार होतात, कॉइलचा इंडक्टन्स (चुंबकीय क्षेत्र साठवण्याची क्षमता) कमी होतो आणि फ्रीक्वेन्सी वाढते. लोखंडी खिळा आला तर उलट: इंडक्टन्स वाढतो, फ्रीक्वेन्सी उतरते. हा बदल मोजायचा आणि बीप वाजवायचा, एवढंच काम आहे.

अडचण अशी की नाणं दोन-तीन सेंटिमीटरवर असताना हा बदल हजारात एका भागापेक्षाही कमी असतो. त्यातून कॉइलपासून थोडं दूर गेलं की लहान वस्तूचा सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने घटतो. अंतर दुप्पट, सिग्नल चौसष्टावा भाग. म्हणून फेरे वाढवून, व्होल्टेज वाढवून रेंज वाढत नाही. कॉइलची तार जरा हलली, कपॅसिटर जरा तापला, बॅटरी पाइपात खडखडली तरी फ्रीक्वेन्सी नाण्याएवढीच सरकते. रेंज मिळते ती स्थिरतेतून. खाली फेराइट, टेप आणि पाइप यांवर प्रोग्रॅमपेक्षा जास्त लिहिलंय ते यासाठीच.

१. सामान गोळा करा

- फेराइट रॉड, १० मि.मी. व्यासाचा, ६५ मि.मी. लांबीचा तुकडा लागेल
- ३२ गेजची एनॅमल्ड कॉपर वायर. लागते जेमतेम चार मीटर, पण ५० ग्रॅम घेऊन ठेवा
- सीडी ४०६९ यूबी (ऑसिलेटरसाठी) आणि सीडी ४०४० (फ्रीक्वेन्सी भागण्यासाठी), प्रत्येकी एक. १४ आणि १६ पिनांचे आयसी बेस
- अर्डुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), ५ व्होल्ट, १६ मेगाहर्ट्झ, हेडर पिना न जोडलेला
- १० नॅनोफॅरडचे दोन पॉलीप्रॉपिलीन किंवा पॉलीस्टायरीन कपॅसिटर
- ०.१ मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक (वर १०४ लिहिलेले), १०० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचे दोन इलेक्ट्रोलिटिक
- रेझिस्टर: १ किलोओहम एक, १०० ओहम दोन
- २७ मि.मी.ची पिझो चकती, एक पुश बटण, एक स्लाइड स्विच
- ९ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी आणि क्लिप
- झीरो पीसीबी, हीट श्रिंक स्लीव्ह, मास्किंग टेप, स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल, दोन ट्यूबवालं इपॉक्सी
- यूपीव्हीसी पाइप: अर्धा इंची १५ सें.मी., सव्वा इंची २० सें.मी., दोन्ही जोडणारा रिड्यूसर, दोन एंड कॅप

अवजारं: २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, तिकोनी कानस, बारीक पॉलिश पेपर, हॅकसॉ, फूटपट्टी.

आयसी, नॅनो आणि फेराइट रॉडसाठी लॅमिंग्टन रोड हाच सरळ रस्ता. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो पकडा आणि ग्रँट रोडला पूर्वेला बाहेर पडा. वाशी-नेरूळकरांनी कुर्ल्याला गाडी बदलून दादर गाठावं. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. फेराइट रॉड मागताना 'एमडब्ल्यू अँटेना रॉड' म्हणा, लगेच कळतं. नाहीच मिळाला तर भंगारवाल्याकडचा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ उघडा. आत रॉड किंवा चपटी फेराइट पट्टी असते, दोन्ही चालतात.

तारेसाठी मुंबई गाठायची गरज नाही. वागळे इस्टेट किंवा तुर्भे-रबाळे एमआयडीसीच्या आसपास मोटार रिवायंडिंग करणाऱ्याकडे ती वजनावर मिळते. पाइप घेताना बॅटरी आणि रॉड खिशात घेऊन जा. पाइपाच्या भिंतीची जाडी प्रकारानुसार बदलते. सव्वा इंची पाइपात बॅटरी सहज सरकली पाहिजे आणि अर्धा इंची पाइपात टेप-फॉइलसकट साडेतेरा मि.मी. जाडीची कॉइल जायला हवी. दुकानातच घालून बघा.

कपॅसिटरवर मात्र तडजोड नको. पिवळसर-तपकिरी सिरॅमिक चकती (१०३) दुकानदार आधी पुढे करतो. ती तापमानाने इतकी बदलते की हातात धरली तरी फ्रीक्वेन्सीचा आकडा पळतो. हिरवा पॉलिएस्टर तिच्यापेक्षा बरा, पण तापला की त्याची कपॅसिटी वाढते आणि फेराइटचा इंडक्टन्सही वाढतो, म्हणजे दोघे मिळून फ्रीक्वेन्सी एकाच दिशेला खाली ओढतात. पॉलीप्रॉपिलीन आणि पॉलीस्टायरीन उलट वागतात, तापल्यावर थोडे कमी होतात आणि फेराइटची चूक काही अंशी भरून काढतात.

२. रॉड कापा

फेराइट काचेसारखा ठिसूळ असतो. हॅकसॉ चालवलात तर कुठेही तुटेल. ६५ मि.मी.वर खूण करून तिकोनी कानसीने सभोवार अर्धा मि.मी. खोल खाच पाडा, रॉड जाड फडक्यात गुंडाळा आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना अंगठे टेकवून मोडा. डोळ्यांना चष्मा लावा. काठ पॉलिश पेपरने मऊ करा, नाहीतर तारेचं एनॅमल तिथेच सोलतं. रॉड जमिनीवर पडला असेल तर उजेडात फिरवून बघा. केसाएवढी चीर असलेला रॉड वापरू नका. तो चालतो, पण दाब बदलला की चीर उघडते-मिटते आणि बीप आपोआप वाजू लागतो.

३. कॉइल गुंडाळा

रॉडवर मास्किंग टेपचा एक थर द्या. टोकापासून ३ मि.मी. सोडून एकाला एक चिकटून १०० फेरे, एकाच थरात. ३२ गेजने साधारण ३० मि.मी. जागा लागते, म्हणजे कॉइल रॉडच्या पुढच्या अर्ध्या भागात बसते आणि मागचा अर्धा मोकळा राहतो. तसाच राहू द्या. संवेदना पुढच्या टोकाला हवी आहे.

तार ताणून गुंडाळा, पण तुटेल इतकी नको. दर २५ फेऱ्यांना अंगठ्याने दाबून धरा आणि मोजणी कागदावर लिहा. शेवटचा फेरा झाला की दोन्ही टोकं एकमेकांवर पिळून रॉडच्या मागच्या बाजूने १० सें.मी. बाहेर काढा. सुट्या दोन तारा पाइपात हलतात, पिळलेली जोडी हलत नाही.

फेऱ्यांवर नेलपॉलिश किंवा वॉर्निशचा पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. पावसाळ्यात आपल्याकडे हवेत पाणीच असतं. ओल फेऱ्यांमध्ये शिरली तर सकाळचं ट्यूनिंग संध्याकाळी उरत नाही.

इंडक्टन्स ५०० मायक्रोहेन्रीच्या आसपास येईल. ४०० ते ७०० काहीही चालेल, म्हणजे फ्रीक्वेन्सी साधारण ११२ ते ८५ किलोहर्ट्झ. नेमका १०० किलोहर्ट्झ हवाच असा हट्ट धरू नका, त्याचा काही फायदा नाही.

४. शील्ड: ही पायरी टाळू नका

शील्ड (कॉइलभोवतीचं, ग्राउंडला जोडलेलं फॉइलचं आवरण) नसेल तर पाइपावरून हात फिरवला, ओल्या गवताला टोक लागलं तरी बीप वाजतो. तो धातूमुळे नसतो, हाताच्या कपॅसिटन्समुळे असतो.

वाळलेल्या कॉइलवर टेपचे दोन थर द्या. त्यावर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, पण लांबीच्या दिशेने ३-४ मि.मी.ची फट सोडा. फॉइलची दोन टोकं एकमेकांना लागली की ती कॉइलभोवतीचा एक शॉर्ट झालेला फेरा बनते आणि अर्धी संवेदना तिथेच खलास. रॉडचं पुढचं सपाट टोक उघडं ठेवा. अॅल्युमिनियमला सोल्डर धरत नाही. म्हणून १० सें.मी.ची उघडी तांब्याची तार फॉइलवर आडवी ठेवून टेपने घट्ट दाबा आणि तिचं दुसरं टोक सर्किटच्या ग्राउंडला जोडा. वरून हीट श्रिंक.

फटीवर फॉइल चुकून चिकटली नाही ना, हे मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीने कळणार नाही, कारण फॉइल मागून अखंडच असते. नजरेनेच तपासा.

५. ऑसिलेटर आणि भागाकार

दोन्ही आयसींना झीरो पीसीबीवर कॉइलच्या जवळ जागा द्या. पीसीबी १५ मि.मी. रुंद, ६० मि.मी. लांब कापला की रिड्यूसरमागे नीट बसतो.

सीडी ४०६९ची जोडणी:

- पिन १४ ला सप्लाय, पिन ७ ला ग्राउंड
- पिन २ पासून १ किलोओहमचा रेझिस्टर. त्याच्या दुसऱ्या टोकाला कॉइलचं एक टोक आणि एक १० नॅनोफॅरड (दुसरं टोक ग्राउंडला)
- पिन १ ला कॉइलचं दुसरं टोक आणि दुसरा १० नॅनोफॅरड (तोही ग्राउंडला)
- पिन २ आणि पिन ३ जोडा. पिन ४ वरचा स्वच्छ सिग्नल पुढे जातो
- उरलेले इनपुट, म्हणजे पिन ५, ९, ११, १३, ग्राउंडला

शेवटची ओळ लोक विसरतात. मोकळे सोडलेले सीमॉस इनपुट हवेतला ५० हर्ट्झ पकडतात, आयसी उगाच करंट खातो आणि आकडा नाचतो. आणि 'यूबी' (अनबफर्ड, म्हणजे आत एकच टप्पा) ही अक्षरं बघून घ्या. त्या जागी ७४ एचसी ०४ बसतो खरा, पिनाही जुळतात, पण त्यात आत तीन टप्पे असतात आणि तो भलत्याच फ्रीक्वेन्सीवर डोलू शकतो.

सीडी ४०४०: पिन १६ सप्लाय, पिन ८ ग्राउंड, पिन ११ रीसेट ग्राउंडला, पिन १० ला ४०६९चा पिन ४. पिन १३ वर २५६ ने भागलेला सिग्नल मिळतो, म्हणजे १०० किलोहर्ट्झचे साधारण ३९० हर्ट्झ. तो नॅनोच्या डी ८ ला.

नॅनोच्या ५ व्होल्ट पिनेवरून थेट सप्लाय घेऊ नका. मध्ये १०० ओहम घाला आणि त्यापुढे ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड. प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनेला चिकटून ०.१ मायक्रोफॅरड. हे फिल्टर नसेल तर बीप वाजताच व्होल्टेज जरा दबतो, त्याने फ्रीक्वेन्सी सरकते, प्रोग्रॅमला ती धातू वाटते आणि बीप थांबतच नाही.

नॅनोच्या बाजूला: बटण डी २ आणि ग्राउंडमध्ये, पिझो चकती १०० ओहममधून डी ४ ला, बॅटरी स्विचमधून व्हिन पिनेला. दुसरा १०० मायक्रोफॅरड आणि तिसरा ०.१ व्हिनवर. काळा गोल बझर नको, त्यात चुंबक आणि कॉइल असते. पिझो चकतीही पितळेचीच असते, पण ती मुठीच्या मागच्या टोकाला स्थिर बसवली की त्रास देत नाही.

कॉइलची टोकं सोल्डर करण्याआधी एनॅमल पॉलिश पेपरने तांबं चमकेपर्यंत खरवडा. 'ऑसिलेटर चालतच नाही' या तक्रारीचं पहिलं कारण न खरवडलेलं एनॅमल असतं.

६. प्रोग्रॅमची रचना

अर्डुइनोच्या लायब्ररी मॅनेजरमध्ये पॉल स्टॉफ्रेगन यांची फ्रीक्वमेजर लायब्ररी आहे. ती डी ८ वर येणाऱ्या प्रत्येक आवर्तनाचा काळ १६ मेगाहर्ट्झच्या ठोक्यांत मोजून देते. १०० किलोहर्ट्झला एक आवर्तन म्हणजे ४०,९६० ठोके. अशी १६ आवर्तनं बेरजेला घेतली की ६,५५,३६०, आणि वेळ लागतो ४१ मिलिसेकंद. सेकंदाला चोवीस वाचनं, आणि प्रत्येकात साडेसहा लाखांत एक इतकी बारकाई. भागाकार न करता थेट १०० किलोहर्ट्झचे ठोके तेवढ्याच वेळात मोजले असते तर आकडा चार हजारांवरच थांबला असता.

प्रोग्रॅमचा क्रम असा ठेवा:

सुरू झाल्यावर एक सेकंद थांबा, मग ३२ वाचनांची सरासरी बेसलाइन (धातू जवळ नसतानाचा आकडा) म्हणून ठेवा. प्रत्येक नवं वाचन वजा बेसलाइन म्हणजे फरक. फरक थ्रेशोल्डच्या (बीप सुरू होण्याच्या मर्यादेच्या) आत असेल तर बेसलाइनला त्या दिशेने फरकाच्या चौसष्टाव्या भागाएवढी सरकवा, त्यामुळे तापमानाचा संथ बदल आपोआप गिळला जातो. फरक थ्रेशोल्डबाहेर गेला की बेसलाइन जागच्या जागी गोठवा आणि बीप सुरू करा. बटण दाबलं की बेसलाइन नव्याने घ्या.

बीपचा वेग फरकाच्या सरळ प्रमाणात ठेवू नका. सिग्नल अंतराबरोबर फार झपाट्याने वाढतो, त्यामुळे आधी काहीच नाही आणि मग एकदम सलग किंचाळी, असं होतं. फरक थ्रेशोल्डच्या दुप्पट, चौपट, आठपट झाला की एकेक पायरी वेग वाढवा: ४०० मिलिसेकंदांच्या अंतरापासून सुरुवात, सोळापटीला सलग आवाज.

यात तीन खड्डे आहेत.

पहिला, साधा इंटिजर. नॅनोवर तो ३२,७६७ पर्यंतच जातो, एक आवर्तनही त्यात मावत नाही. सगळीकडे लाँग (मोठे आकडे मावणारा पूर्णांक प्रकार) वापरा.

दुसरा जास्त फसवा. पूर्णांकात ६४ पेक्षा लहान फरकाला ६४ ने भागलं की उत्तर शून्य, बेसलाइन हलतच नाही. मग लोक फ्लोट (दशांशाचा प्रकार) घेतात. नॅनोवर फ्लोटला साधारण सात अंकांची बारकाई असते, साडेसहा लाखांच्या आकड्यात एक चौसष्टांश मिळवला तर तो हरवतो. उपाय सोपा: बेसलाइन ६४ पटीत लाँगमध्ये साठवा. दर वेळी तिला ६४ ने भागून फरक काढा आणि तो फरक तसाच साठवलेल्या आकड्यात मिळवा.

तिसरा, बीपसाठी डिले (प्रोग्रॅम थांबवून ठेवणारं फंक्शन) वापरणं. लायब्ररीची साठवण लहान आहे, डिले चालू असताना ती भरते आणि वाचनं गळतात. वेळ मिलिसच्या (सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद देणारं फंक्शन) हिशोबाने सांभाळा. टोन फंक्शन टायमर २ वापरतं आणि लायब्ररी टायमर १, म्हणून ती दोघं भांडत नाहीत.

बीप फरकाच्या चिन्हाकडे न बघता वाजू दे. 'लोखंड असेल तर गप्प राहा' हा मोह होतो, पण चपट्या लोखंडी वस्तू फसवतात. बाटलीचं बूच कॉइलसमोर सपाट आलं तर भोवरा प्रवाह वरचढ ठरतात आणि ते पितळेसारखं दिसतं. आडवं धरलं की लोखंडासारखं.

७. टेबलावर पहिली चाचणी

पाइपात काहीही घालण्याआधी लाकडी किंवा प्लास्टिकच्या टेबलावर सगळं मांडा. स्टीलचं टेबल किंवा स्टीलच्या पायांचा ड्रॉइंग बोर्ड नको. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि कॉइल लॅपटॉपपासून केबल पुरेल तितकी दूर ठेवा.

४०६९च्या पिन १ आणि २ वर डीसी व्होल्टेज सप्लायच्या साधारण निम्मं, अडीच व्होल्टच्या जवळ दिसलं पाहिजे. पिन ४ वर मल्टिमीटरच्या हर्ट्झ रेंजमध्ये ८५ ते ११५ किलोहर्ट्झ. अर्डुइनोच्या सीरियल प्लॉटरवर (आकड्यांचा आलेख दाखवणारी खिडकी) फरकाची रेघ काढा. खिळा टोकाशी सरळ रेषेत धरला की रेघ एका बाजूला, पितळेची चावी आणली की दुसऱ्या बाजूला. दोन्ही एकाच बाजूला जात असतील तर बहुधा फरक काढताना चिन्ह गाळलं गेलंय.

८. पाइपात बसवा

अर्धा इंची पाइपाच्या पुढच्या टोकाला एंड कॅप. तिचा तळ कानसीने घासून १ ते दीड मि.मी. ठेवा, इथला प्रत्येक मिलिमीटर रेंजमधून वजा होतो. रॉड टोकाला टेकवून पाइपाच्या मधोमध टेपच्या दोन कड्यांनी घट्ट करा आणि मगच इपॉक्सी ओता. एकदम सगळं ओतू नका. इपॉक्सी घट्ट होताना तापतं आणि आकसतं, त्याचा दाब फेराइटवर पडून इंडक्टन्स बदलतो. दोन हप्त्यांत ओता आणि २४ तास हात लावू नका. त्याआधी केलेलं ट्यूनिंग वाया जातं.

मुठीत क्रम असा: पुढे ऑसिलेटरचा पीसीबी, मग नॅनो, शेवटी बॅटरी आणि पिझो. ९ व्होल्टच्या बॅटरीचं कवच लोखंडी असतं. कॉइलपासून ती किमान १५ सें.मी. मागे हवी आणि फोमच्या तुकड्यांत इतकी घट्ट की कांडी झटकली तरी हलू नये. मागची एंड कॅप चिकटवू नका, बॅटरी बदलायची असते. तिथे टेफ्लॉन टेपचे दोन वेढे पुरतात. स्विच आणि बटणाच्या भोकांना रबरी ग्रोमेट किंवा सिलिकॉन. तरीही ही कांडी पाण्यात बुडवायची नाही, ओल्या मातीपुरतीच समजा.

९. ट्यूनिंग

अंतिम ट्यूनिंग बॅटरीवरच करा. यूएसबीवर नॅनोला मिळणारा व्होल्टेज थोडा कमी असतो आणि लॅपटॉपचा गोंगाटही आत येतो. थ्रेशोल्डचा आकडा यूएसबीवर ठरवून पाइप बंद केला की बाहेर निराळाच अनुभव येतो. सोय म्हणून बटण तीन सेकंद दाबून धरलं की थ्रेशोल्ड एक पायरी बदलेल, असं प्रोग्रॅममध्ये ठेवा: २०, ३०, ४५, ७०, १००. म्हणजे पाइप पुन्हा उघडावा लागत नाही.

कांडी चालू करून पंधरा मिनिटं स्वस्थ पडू द्या, पंख्याच्या झोताखाली नको. तापमान एका अंशाने बदललं तरी आकडा शे-दीडशेने सरकू शकतो, म्हणून एसीतून गॅलरीत आणलेली कांडी लगेच तपासू नका.

मग सर्वांत कमी थ्रेशोल्डवर ठेवून दोन मिनिटं ऐका. उगाच बीप येत असतील तर एक पायरी वर. शांत झाली की आणखी एक पायरी वर जाऊन थांबा. घरात जेमतेम शांत असलेली कांडी बाहेर नक्की बडबडते.

आता फूटपट्टी ठेवा आणि पिवळं, चुंबकाला न चिकटणारं पाच रुपयांचं नाणं सपाट समोर धरून जवळ आणा. २ ते ३ सें.मी.वरून बीप आला तर काम उत्तम झालं. एक रुपयाचं नाणं या चाचणीला घेऊ नका. ते चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचं असतं आणि धरण्याच्या कोनानुसार वेगवेगळं वागतं. कानातल्याच्या फिरकीला टोक जवळजवळ टेकवावंच लागेल. मंगळसूत्राची वाटी मात्र सेंटिमीटरभरावरून सापडायला हवी.

नाणं १ सें.मी.च्या आतच वाजत असेल तर थ्रेशोल्ड खाली ओढण्याआधी आकडा उगाच इतका का नाचतो ते शोधा: फॉइलची ग्राउंड तार, सैल बॅटरी, सिरॅमिक कपॅसिटर, याच क्रमाने.

१०. मातीवर वापरताना

आपल्याकडची माती साधी नाही. येऊर आणि पारसिकच्या टेकड्या बेसॉल्टच्या आहेत, त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. नर्सरीतल्या लाल मातीतही लोहाचं प्रमाण बरंच असतं. अशा मातीला टोक टेकवलं की कांडी लोखंड असल्यासारखी वाजते. खाडीकाठचा खारट ओला चिखल वीज वाहतो आणि उलट बाजूला ओढतो. नवी मुंबईतल्या भरावात तर मुरुमाबरोबर सळयांचे तुकडे आणि बाइंडिंग वायर सर्रास सापडते, तिथे बीप खराच असतो.

उपाय: टोक त्याच मातीला टेकवून बटण दाबा, मग शोध सुरू करा. जागा बदलली, खड्डा खोल झाला की पुन्हा दाबा. टोक मातीला सतत टेकलेलं ठेवा. वर-खाली केलं तर प्रत्येक टेकण्याला बीप येईल. वेग सेकंदाला ५ ते १० सें.मी. फारच सावकाश गेलात तर थ्रेशोल्डखालचा क्षीण सिग्नल बेसलाइन दोन-तीन सेकंदांत गिळून टाकते.

भिंतीत ड्रिल मारण्याआधी वायर शोधायला ही कांडी वापरू नका. प्लास्टरमागच्या पीव्हीसी पाइपातली बारीक तांब्याची तार तिला दिसेलच असं नाही, आणि आरसीसी कॉलमवर सळयांमुळे ती थांबतच नाही. ड्रिल मारताना एमसीबी बंद करा.

बिघाड आणि कारणं

पिन ४ वर काहीच नाही: एनॅमल, तुटलेली कॉइल (दोन टोकांत एक-दोन ओहम हवेत) किंवा पिन ७चं राहून गेलेलं ग्राउंड.

फ्रीक्वेन्सी २०० किलोहर्ट्झच्या वर: एखादा १० नॅनोफॅरड प्रत्यक्षात १ नॅनोफॅरडचा आहे (वर १०२), नाहीतर त्याची ग्राउंडची बाजू सुटली आहे.

कांडी ठोकली की बीप: वॉर्निश न लागलेले फेरे, चीर गेलेला फेराइट, हलणारी बॅटरी.

अर्धा तास ठीक, मग सतत बीप: बॅटरी मोजा. चालू असताना ७ व्होल्टच्या खाली गेली की नॅनोचा रेग्युलेटर ५ व्होल्ट धरू शकत नाही. साधी झिंक-कार्बन बॅटरी तिथे लवकर पोचते.

फक्त ट्यूबलाइट किंवा मोबाइल चार्जरजवळ बीप: शील्डची तार ग्राउंडला लागलेली नाही.

बाहेर नेण्याआधी

पाइप, तारा, बॅटरी आणि बटण हे दृश्य स्टेशनवरच्या किंवा मॉलच्या तपासणीत कुणालाही आवडत नाही. प्रवासात बॅटरी काढून वेगळी ठेवा आणि पाइपावर वस्तूचं नाव ठळक लिहा.

स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या जागेतच उकरा. अंबरनाथचं शिवमंदिर किंवा वसईचा किल्ला यांसारख्या संरक्षित स्थळांवर १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू आहे, परवान्याशिवाय खोदकाम तिथे गुन्हा ठरतं. येऊरकडून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शिरून जमीन उकरणं हाही वनखात्याच्या कारवाईचा विषय आहे. आणि जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. वाशी, नेरूळ, बेलापूरसाठी ते कार्यालय ठाण्यात आहे; खारघर-पनवेलकरांचा जिल्हा रायगड, त्यामुळे त्यांचं अलिबागला.